सॉफ्टवेअर उडते, आळ मात्र पोरांवर येतो



मागील दोन-तीन महिन्यांत या सदराकडे एकाच प्रकारची विचारणा वारंवार झाली. कोणी पत्र लिहिले, कोणी फोन केला. घरातल्या अथवा अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर टाकलेले सॉफ्टवेअर कोणीतरी काढून टाकते. ते काढता येऊ नये अशी काही सोय आहे काय, असा प्रश्न आहे. एका भगिनीने तर लिहिले आहे की, तिची टॅली तीन वेळा उडाली आणि तिन्ही वेळा नव्याने टाकून घेण्याचे पैसे मोजावे लागले. खाजगी नोकरीत हिशेब लिहिणाऱ्या बाईला हा भुर्दंड कसा परवडावा?

सोय आहे, आणि ती विंडोजमध्येच आहे. वेगळी विकत घ्यावी लागत नाही. परंतु ती सांगण्यापूर्वी सॉफ्टवेअर जाते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले पाहिजे, कारण निम्मी घबराट तिथेच संपते.

कॉम्प्युटर सुरू केल्यावर पडद्यावर जी छोटी चित्रे दिसतात ती म्हणजे प्रोग्राम नव्हेत. ती केवळ दारावरची पाटी आहे. लहान मुलाने खेळता खेळता टॅलीचे चित्र पुसले तर टॅली कुठे जात नाही. स्टार्टचे बटण दाबून टॅली असे टाइप केले की ती पुन्हा सापडते. पाटी पडली म्हणून कोणी घर पडले म्हणत नाही. खरे काढणे वेगळे. स्टार्टमध्ये प्रोग्रामच्या नावावर माऊसचे उजवे बटण दाबायचे, अनइन्स्टॉल म्हणायचे, पुढे येस म्हणायचे. अर्ध्या मिनिटात काम होते. अनेक घरांत आणि बहुतेक अभ्यासिकांत या येसच्या आड काहीच येत नाही, ही खरी अडचण आहे.

2024 सालची एक हकिकत सांगतो. वस्तीचे नाव देत नाही. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका चालते. तिथे दोन कॉम्प्युटर आहेत. त्यांपैकी एकावर मराठी टायपिंगच्या सरावाचे सॉफ्टवेअर होते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठीचे 30 किंवा इंग्रजीचे 40 शब्द प्रतिमिनिट असे प्रमाणपत्र लागते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद परीक्षा घेते. तीन मुली आणि एक मुलगा त्या मशीनवर पाळीपाळीने बसत. परीक्षेला अकरा दिवस राहिले असताना सोमवारी सकाळी मशीन उघडले तर सॉफ्टवेअर नाही.

आळ कोणावर यावा? नववीतल्या एका पोरावर आला. त्याला मोबाइल उघडून बघण्याचा नाद, कॉम्प्युटरवर गेम टाकण्याचा नाद. त्याच्याशिवाय दुसरे कोण करणार, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. कोणी मारले नाही, परंतु बोलायचे ते बोलले. त्याच्या वडिलांना रस्त्यात गाठून सांगितले. पोराने अभ्यासिकेत येणे बंद केले.

चार-पाच दिवसांनी मला बोलावले. मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नव्हे. बी.कॉम. झालेला कारकून आहे आणि कचेरीत रोज या मशीनशी गाठ पडते एवढेच. पण कारकुनाला एक खोड असते. कोणी काही म्हटले की तो आधी नोंद कुठे आहे ते विचारतो. विंडोजमध्ये अशी नोंद असते. स्टार्टच्या बटणावर माऊसचे उजवे बटण दाबले की इव्हेंट व्ह्यूअर असे नाव दिसते. ते उघडून विंडोज लॉग्ज आणि त्यात ॲप्लिकेशन या ठिकाणी गेले की मशीनची रोजनिशी समोर येते. त्यात एमएसआय इन्स्टॉलर या नावापुढे 1034 किंवा 11724 हा क्रमांक असेल तर समजावे की त्या वेळी एखादे सॉफ्टवेअर काढले गेले. तारीख असते, वेळ असते, कोणत्या खात्यातून काढले तेही असते. सगळीच सॉफ्टवेअर तिथे नोंद ठेवत नाहीत, पण अनेकांची सापडते. इथे सापडली. रविवार, दुपारी पावणेदोन.

रविवारी दुपारी अभ्यासिका मुलांसाठी बंद असते. त्या वेळी आत कोण होते? वस्तीतलाच एक कार्यकर्ता तरुण. मशीन फार हळू चालते अशी तक्रार होती म्हणून बिचारा सुट्टीच्या दिवशी ते साफ करायला बसला होता. यादीत जे ओळखीचे वाटले नाही ते त्याने काढले. टायपिंगचे सॉफ्टवेअर त्याने कधी वापरलेले नव्हते. शिवाय मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस या नावाच्या पाच-सहा ओळी त्याला दिसल्या, एकापुढे 2010, दुसरीपुढे 2013, तिसरीपुढे आणखी काही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली आहे असे समजून त्याने त्याही काढल्या. त्या एकच गोष्ट नव्हत्या. दुसरी सॉफ्टवेअर त्यांच्या आधारावर उभी असतात, आणि निरनिराळ्या सॉफ्टवेअरला निरनिराळ्या सालची लागते. त्यामुळे टायपिंगचे सॉफ्टवेअर परत टाकल्यावरही ते चालेना. त्या ओळी पुन्हा भरल्या तेव्हा चालले.

तरुणाचा हेतू वाईट नव्हता. त्याने स्वतःच सांगून टाकले आणि मंडळाच्या दोघांनी त्या पोराच्या घरी जाऊन त्याला परत आणले. हे त्यांनी चांगले केले. पण मला त्यात दुसरीच गोष्ट लागून राहिली. त्या मशीनवर सर्वांचे मिळून एकच खाते होते. नाव यूजर, पासवर्ड नाही. नोंदवहीत प्रत्येक कृतीपुढे तेच एक नाव. म्हणजे त्या मुलाला वाचवले ते केवळ रविवारच्या वेळेने. तेच काम बुधवारी संध्याकाळी सात वाजता झाले असते तर खोलीत दहा मुले असती, मशीनने यूजर एवढेच नाव सांगितले असते, आणि आळ आहे तिथेच राहिला असता.

म्हणून सॉफ्टवेअर काढता येऊ नये याची पहिली आणि मुख्य व्यवस्था म्हणजे खाती वेगळी करणे.

विंडोजमध्ये दोन दर्जाची खाती असतात. ॲडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे मालक. तो काहीही टाकू शकतो, काहीही काढू शकतो, दुसऱ्याचे खातेही बंद करू शकतो. स्टँडर्ड खात्याचा माणूस सर्व प्रोग्राम वापरू शकतो, टायपिंग करू शकतो, पत्र लिहून जपून ठेवू शकतो, छापू शकतो. परंतु सर्वांसाठी म्हणून टाकलेले सॉफ्टवेअर काढू गेला की विंडोज त्याला मालकाचा पासवर्ड विचारते. पासवर्ड नसेल तर काम तिथेच थांबते. मालकाच्या खात्यात बसलेल्या माणसाला मात्र ते फक्त येस की नो एवढेच विचारते. ही विचारण्याची पद्धत 2007 साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सुरू झाली. त्याआधी विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर असत. ती सवय मशीन बदलली तरी माणसांत राहिली आहे. शिवाय नवा कॉम्प्युटर सुरू करताना जे पहिले खाते उघडते ते आपोआप मालकाचेच असते. दुकानदार ते उघडून देतो, घरातले सगळे त्याच खात्यात वर्षानुवर्षे बसतात, आणि कोणाला कल्पनाही नसते की घरातला आठ वर्षांचा मुलगाही मशीनचा मालक आहे.

आता कृती. घाई न करता क्रमाने करावी.

प्रथम नवे मालकाचे खाते उघडावे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अदर यूजर्स. विंडोज 10 मध्ये याच जागेला फॅमिली अँड अदर यूजर्स म्हटले आहे. तिथे ॲड अकाउंट म्हणावे. विंडोज ईमेल मागते. आपल्याला ईमेलशिवाय खाते हवे असेल तर या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची ओळ खाली असते ती दाबावी, आणि पुढच्या पडद्यावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर जोडा असा पर्याय येतो तो घ्यावा. नाव द्यावे, पासवर्ड द्यावा. तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातात. पहिल्या शाळेचे नाव काय, असला प्रश्न असतो. वस्तीत सगळ्यांची पहिली शाळा एकच असते, तेव्हा खरे उत्तर न देता दुसरेच काही द्यावे आणि ते लिहून ठेवावे. खाते तयार झाल्यावर त्याच्या नावावर क्लिक करून चेंज अकाउंट टाइप म्हणावे व ॲडमिनिस्ट्रेटर निवडावे.

यानंतर जुन्या खात्यातून बाहेर पडून नव्या खात्यात शिरावे. पासवर्ड चालतो ना, हे पाहावे. चालला तरच पुढे जावे. मग या नव्या खात्यातून त्याच चेंज अकाउंट टाइपमध्ये जुने खाते स्टँडर्ड करावे. क्रम उलटा करू नये. आधी जुन्याचे अधिकार काढायला गेलात आणि नव्याचा पासवर्ड विसरलात तर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहाल.

जुन्या खात्यातले फोटो, कागदपत्रे, पडद्यावरची चित्रे सगळे जागच्या जागी राहते. फक्त त्याचा मालकीहक्क जातो. रोजचे काम त्याच खात्यात करावे. नव्या मालकाच्या खात्यात कोणी रोज बसायचे नाही, ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्यानेही नाही. काही टाकायचे असेल तेव्हा विंडोज पासवर्ड विचारेलच, तेवढ्यापुरता तो द्यावा. अभ्यासिकेत दोनच खाती करून भागणार नाही. सराव करणाऱ्या प्रत्येकाचे वेगळे स्टँडर्ड खाते असावे. अर्ध्या तासाचे काम आहे. त्याने नोंदवहीत खरे नाव येते, आणि एकाचे लिहिलेले दुसऱ्याकडून पुसलेही जात नाही. आपली पाळी संपली की विंडोजचे बटण आणि एल दाबून खाते कुलूपबंद करून उठायचे, हे मुलांना एकदा सांगितले की ती करतात. मोठी माणसे विसरतात, असा माझा अनुभव आहे.

एवढे केले की सगळे झाले का? नाही. दोन-तीन फटी राहतात.

काही सॉफ्टवेअर संपूर्ण मशीनवर न बसता एकाच्याच खात्यात बसतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली ॲप्स तशीच असतात. ज्याच्या खात्यात ती आहेत तो पासवर्डशिवाय ती काढू शकतो. म्हणून महत्त्वाचे सॉफ्टवेअर टाकताना केवळ माझ्यासाठी की सर्वांसाठी असा प्रश्न आला तर सर्वांसाठी असेच निवडावे. तो प्रश्न प्रत्येक वेळी येतोच असे नाही. टाकून झाल्यावर मुलाच्या खात्यातून काढून बघण्याचा प्रयत्न करावा. पासवर्ड मागितला म्हणजे काम झाले, तिथूनच नो म्हणून परत फिरावे.

दुसरी फट जुन्या सॉफ्टवेअरची. जुनी काही सॉफ्टवेअर अशी असतात की ती मालकाच्या खात्याशिवाय चालायला तयार होत नाहीत, कारण ती आपली नोंद स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात आणि स्टँडर्ड खात्याला तिथे लिहिण्याची मुभा नसते. अशा वेळी दुरुस्तीवाला सांगतो, सगळ्यांना ॲडमिन करून टाका. करू नये. मालकाच्या खात्यातून तेवढ्या एका फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी या पानावर जाऊन यूजर्स या नावापुढे मॉडिफाय एवढी मुभा द्यावी. यात त्या फोल्डरमधल्या फायली कोणी पुसू शकेल हा धोका राहतो, म्हणून त्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी. एका खोलीची किल्ली देणे आणि अख्ख्या चाळीची देणे यात फरक आहे.

काही जण सांगतात की विंडोजमधून काढण्याची यादीच लपवता येते. येते. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी नावाच्या ठिकाणी, कंट्रोल पॅनेलखालच्या प्रोग्राम्स या भागात तशी सोय आहे. स्टार्टमधून अनइन्स्टॉल करणे बंद करण्याची वेगळी सोयही तिथे मिळते. घरगुती कॉम्प्युटरवर बहुधा विंडोज होम असते, त्यात ग्रुप पॉलिसीचे हे पान मिळत नाही. मग लोक रजिस्ट्रीत हात घालायला सांगतात. माझे मत विचाराल तर या वाटेला जाऊ नये. लपवणे म्हणजे दारावर पडदा लावणे. दार उघडेच असते. सगळी खाती मालकाची ठेवून यादी तेवढी लपवण्यात अर्थ नाही, आणि खाती नीट केली तर लपवण्याची गरज फारशी उरत नाही. रजिस्ट्रीत एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर मशीनच उठत नाही, ते वेगळेच.

आता ज्या प्रकारात माणसाचा हात नसतोच, त्याविषयी. विंडोज सिक्युरिटी म्हणून जो पहारेकरी विंडोजसोबतच येतो तो संशय आलेली फाइल उचलून बाजूला ठेवतो. बाजारातून कुलूप तोडलेले, म्हणजे क्रॅक केलेले सॉफ्टवेअर आणून टाकले की ते आज चालते आणि एखाद्या सकाळी नाहीसे होते. घरात भांडण लागते, तू काढलेस की मी काढले. प्रत्यक्षात पहारेकऱ्याने उचललेले असते. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात प्रोटेक्शन हिस्टरी पाहिली की कोणती फाइल, कोणत्या दिवशी, हे कळते. आपले विकत घेतलेले प्रामाणिक सॉफ्टवेअर चुकून उचलले गेले असेल तर तिथूनच परत आणता येते. क्रॅकचे असेल तर परत आणू नये. त्यातल्या कित्येकांत खरोखरच किडे भरलेले असतात, आणि ज्या मशीनवर आपण बँकेचे काम करतो त्याच मशीनवर ते असतात. पैसे नाहीत ही अडचण मी जाणतो. पत्रे आणि तक्ते यांसाठी लिब्रे ऑफिस मोफत मिळते. मराठी लिहिण्यासाठी तर विंडोजमध्येच मराठी कीबोर्ड आहे. 2019 पासून उच्चाराप्रमाणे लिहिण्याचाही पर्याय त्यात आला आहे. परीक्षेचा सराव त्यावर होत नाही, पण अर्ज लिहायला ते पुरे आहे.

टॅलीवाल्या भगिनीला एक गोष्ट सांगायची आहे. आपली टॅली तिन्ही वेळा खरोखर उडाली होती काय, हे एकदा तपासावे. लायसन्स सुटले की टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते आणि महिन्यातील ठराविक तारखांच्याच नोंदी घेते. माणसाला वाटते सॉफ्टवेअर गेले. गेलेले नसते, लायसन्स पुन्हा जोडायचे असते. मशीन दुरुस्तीला देण्यापूर्वी टॅलीमध्ये लायसन्स सरेंडर करण्याची सोय आहे. ते करून मग मशीन द्यावे, म्हणजे परत आल्यावर तेच लायसन्स सरळ जोडता येते.

दुरुस्तीचा विषय निघालाच आहे तर सांगतो की, सॉफ्टवेअर जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. मशीन हळू चालते म्हणून दुकानात दिले की उत्तर ठरलेले, फॉरमॅट मारावा लागेल. सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला की टाकलेले सर्व सॉफ्टवेअर जाते. विंडोजमधील रिसेट दिस पीसी हा पर्यायही तसाच फसवा आहे. त्यात फायली ठेवा असे निवडले तरी फायली तेवढ्या राहतात, आपण टाकलेली सॉफ्टवेअर जातात. त्यातल्या त्यात बरे म्हणजे काढलेल्या ॲप्सची यादी ते पडद्यावर एका फाइलमध्ये ठेवते. ती यादी पुसू नये. दुकानात मशीन देताना तोंडी सांगू नये, चिठ्ठी लिहून द्यावी: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, अमुक सॉफ्टवेअर राहिले पाहिजे. लिहून दिलेल्या चिठ्ठीपुढे माणूस जरा जपून वागतो.

म्हणूनच कचेरीत जसे डेडस्टॉक रजिस्टर असते तसे कॉम्प्युटरचे एक ठेवावे. दोन रुपयांची वही घ्या असे पूर्वी म्हणायचो. आता दोन रुपयांत वही येत नाही, तरी घ्या. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव, कोणत्या सालची आवृत्ती, लायसन्स क्रमांक, पावतीची तारीख, कोणी टाकले, सेटअपची फाइल कोणत्या पेन ड्राइव्हवर आहे, हे लिहावे. सेटअपची फाइल आणि लायसन्स क्रमांक हाताशी असेल तर सॉफ्टवेअर गेल्याचे दुःख अर्ध्या तासाचे असते. नसेल तर आठवडा जातो. त्या अभ्यासिकेतल्या मुलींचे अकरांपैकी सहा दिवस गेले, ते सॉफ्टवेअर शोधण्यातच.

आता पासवर्ड कोणाकडे, हा नाजूक प्रश्न. काही ठिकाणी असे पाहिले की मालकाचा पासवर्ड एका कार्यकर्त्याकडे गेला आणि हळूहळू मशीनच त्याचे झाले. तो गावी गेला की मशीन बंद. तो रुसला की मशीन बंद. कोषागारात दुहेरी कुलूप असते, दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे. इथे तितके नको. पासवर्ड दोघांना माहीत असावा, त्यातली एक बाई असावी, आणि तिसरी प्रत पाकिटात घालून, पाकिटावर सही करून मंडळाच्या कपाटात ठेवावी. पाकीट फोडले तर फोडणाऱ्याने वहीत तारीख टाकावी व पासवर्ड बदलून नवे पाकीट ठेवावे.

घरात काय करावे? घरात मशीन एक आणि माणसे पाच. मी काही घरांत असे पाहिले आहे की जागा भरली म्हणून तक्रार आली की पहिली कुऱ्हाड मुलीच्या सॉफ्टवेअरवर पडते. मुलाचा एकेक गेम 50 ते 100 जीबी जागा खातो, मशीनची एकूण जागा 256 जीबी. टायपिंगचे किंवा टॅलीचे सॉफ्टवेअर एखाद्या सिनेमाएवढीही जागा घेत नाही, पण ते ताईचे असते, म्हणून तेच आधी दिसते. दादाला वाईट म्हणायचे नाही, त्याला हिशेब माहीत नसतो. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात स्टोरेज उघडून दाखवावे, कोण किती जागा खातो ते मशीनच सांगते. आणि मालकाचा पासवर्ड आईकडे द्यावा असे माझे मत आहे. आईला कॉम्प्युटर येत नाही, असे लगेच म्हणू नये. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, जातीचा दाखला आजवर कोणी सांभाळले? त्याच पिशवीत हाही कागद. काही काढायचे असेल त्याने आईला येऊन सांगावे, का काढायचे ते समजावून द्यावे. समजावता आले तर काढावे.

इतके करूनही गेलेच, तर लगेच कोणावर ओरडू नये आणि फॉरमॅटही करू नये. पडद्यावरचे चित्रच पुसले आहे का, पहारेकऱ्याने उचलले आहे का, रोजनिशीत नोंद आहे का, हे तीन ठिकाणी पाहावे. सॉफ्टवेअर गेले तरी आपण केलेले काम, म्हणजे पत्रे, हिशेबाची कंपनी, हे बहुधा वेगळ्या फोल्डरमध्ये शाबूत असते. नवे टाकण्यापूर्वी त्याची प्रत काढावी. सिस्टीम रिस्टोअर सुरू असेल तर मशीन मागच्या एखाद्या दिवसाच्या स्थितीत नेता येते. अनेक मशीनवर ते बंदच असते, म्हणून आजच क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट असे शोधून, कॉन्फिगरमध्ये जाऊन सुरू करावे. मागे नेण्यापूर्वी स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स ही ओळ दाबावी. त्या दिवसानंतर टाकलेले जे सॉफ्टवेअर जाणार असेल त्याची यादी ते आधीच दाखवते.

शेवटी एक तातडीची गोष्ट. विंडोज 10 ची मोफत साथ मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. देणगीत मिळालेल्या अनेक मशीनवर विंडोज 10 च आहे, त्यामुळे विंडोज 11 करून घ्या असा सल्ला सगळीकडे दिला जातो. बऱ्याच जुन्या मशीनला विंडोज 11 नियमाप्रमाणे बसत नाही, कारण त्याला टीपीएम 2.0 आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आधी ते तपासून घ्यावे. बसत असेल तर दुकानात स्पष्ट सांगावे की अपग्रेड करा, कोरे विंडोज टाकू नका. अपग्रेडमध्ये फायली व ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय विचारला जातो, तोच घ्यायला लावावा. त्याआधी वही पूर्ण करावी, लायसन्स क्रमांक उतरवून घ्यावेत, सेटअपच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. टॅलीचा बॅकअप कसा घ्यावा, हे तीन भगिनींनी विचारले आहे. तो विषय मोठा आहे, पुढच्या अंकात घेऊ.